पुजलेली गिटार

बावीस वर्षं मराठी रॉक गाऊन इंद्रायणीचा आवाज आता वरच्या सुरात फाटायचा. हे फक्त तिला आणि गिटारवाल्या निरंजनला ठाऊक. तिथं तो गिटार अशी दणकावायचा की सगळं झाकून जाई. याच भरवशावर बाईंनी पहिल्या लाइव्ह अल्बमचा घाट घातला. तोही कुठं, तर चाकणच्या एका कंपनीत, खंडेनवमीच्या कार्यक्रमात. मशिनं बंद, कामगार आणि बायकापोरं धरून चारशे माणसं हजर. असं पब्लिक कुठं मिळतं राव?

वाद्यं मांडून मंडळी कॅन्टीनमध्ये जेवायला गेली आणि तिथंच घोळ झाला. परत येऊन बघतात तर गिटारला हळदकुंकू, ड्रमला झेंडूची माळ, गाण्याच्या माइकला गंध. लेथ मशिनं पुजत पुजत आलेल्या रंगराव फिटरांनी, हीपण पोटापाण्याची हत्यारंच की, म्हणून सगळं मनोभावे पुजून टाकलं होतं.

निरंजननं गिटारकडं हात नेला.

"हात नका लावू. पुजलेलं हत्यार उद्या दसऱ्यालाच उचलायचं," रंगराव म्हणाले आणि निरंजनचा चेहरा बघून त्यांचाही पडला. "चुकलं व्हय आमचं?"

"ताई, पुसून टाकू," निरंजन कुजबुजला. "कोण बघतंय?"

कोण बघतंय म्हणे. चारशे माणसं बघत होती. आणि इंद्रायणी लेथवरच्या टर्नरची लेक. तिच्या बापानं या दिवशी कधी साधा पाना उचलला नव्हता, तिचाही हात काही गिटारला लागेना. उद्या सगळे आपापल्या घरी, मग हे पब्लिक पुन्हा जमायचं कधी? नुसत्या गळ्यावर गायचं तर इतकी वर्षं झाकलेलं उघडं पडणार.

रेकॉर्डिंगवाल्या विजयश्रीनं वर बोट दाखवलं. गर्दीचा आवाज टिपायला छताला टांगलेले दोन माइक तेवढे पूजेतून सुटले होते. "लोकांमध्ये उभी राहून गा. येईल तेवढं येईल."

इंद्रायणी गर्दीत शिरली. "वाद्यं आज सुट्टीवर आहेत," ती म्हणाली. "ताल तुम्हीच धरा."

अंगात नवे शर्ट असले तरी मशिन शॉपमध्ये यायचं म्हणून पायांत सेफ्टी बूट होतेच. ते जमिनीवर असे आपटले की पत्रा थरथरला. तिनं आपलं जुनं गाणं काढलं, 'ए सूर्या, थांब जरा, माझी शिफ्ट संपू दे'. आणि व्हायचं तेच झालं. दुसऱ्या कडव्यानंतर वरच्या सुरात गळा फाटला, ती थांबली.

शेजारी उभ्या कॅन्टीनच्या कौशल्याबाईंनी ओळ सहज उचलली. मग रंगरावांनी, मग अख्ख्या शेडनं. पंधरा वर्षं कंपनीच्या बसमध्ये हे गाणं वाजत होतं आणि हिला त्याचा पत्ताच नव्हता. इंद्रायणी सगळ्यांदेखत रडली, आणि रडत रडतच पुढचं कडवं गायली.

संध्याकाळी विजयश्रीनं हेडफोन लावून सगळं ऐकलं. "झकास झालंय. फक्त ती एक ओळ तुझ्या आवाजात नाहीच. स्टुडिओत गाऊन भरून घेऊ?"

"नको," इंद्रायणी म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती सुरात लागलीय."