सीलच्या वाट्याचा घोट

आमच्या वस्तीत बर्फ वितळायचा थांबला, त्याला आज तीन दिवस झाले. दिव्यात चरबी जळते आहे, वर टांगलेलं दगडी भांडं हात लावू देत नाही इतकं तापलं आहे, आणि आत बर्फ कोरडाच्या कोरडा. तोंडात घातला तर वाळूसारखा फिरतो. कुत्र्यांनी चाटून चाटून जिभा सोलून घेतल्या. माझी निविया सहा वर्षांची. कालपासून ती रडते आहे, पण डोळ्यांतून काही येत नाही.

कारण मला ठाऊक होतं. सील जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतो, म्हणून सदा तहानलेला असतो. गोड्या पाण्याच्या घोटासाठीच तो शिकाऱ्याच्या हाती लागतो. मारला की त्याच्या तोंडात ते पाणी ओतायचं, एवढा साधा आमचा रिवाज. बर्फ वितळायचा थांबला त्याच्या आदल्या दिवशी मी शिकारीला पाणी नेलं होतं. गोठू नये म्हणून कातडी पिशवीत भरून, अंगरख्याच्या आत, पोटाशी धरून. समुद्रावरच्या बर्फातल्या ज्या छिद्रातून सील श्वास घ्यायला वर येतो, तिथे दिवसभर वाकून उभा होतो. सील मिळाला आणि ते पाणी मीच पिऊन टाकलं. त्याच्याकडे पाठ फिरवून प्यायलो. घशाला कोरड पडली होती, दुसरं काही नाही. सांगायला लाज वाटते, पण ते फार छान लागलं.

दुपारी म्हातारे तुलुगाक आमच्या घरात आले. त्यांच्यामागून सगळी वस्ती आली.

"कुणाचं काय चुकलं ते बोलून टाका," ते म्हणाले. "बोललं की सुटतं."

शेजारची कायुक म्हणाली, "सीलचं मांस घरात असताना हरणाचं कातडं शिवायचं नसतं, ते मी शिवलं."

भांड्यात टपकन एक थेंब पडला. तो निवियाच्या ओठांना लावला. कायुकच्या नवऱ्याने दुसऱ्याच्या हार्पूनची, सील मारायच्या भाल्याची, दोरी चोरल्याचं कबूल केलं. दुसरा थेंब. वस्तीत एवढी पापं असतील असं वाटलं नव्हतं, पण सगळी मिळून घोटभरही होईनात.

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझी बायको अविआक पटकन पुढे झाली.

"घरी आणलेल्या सीलला पुन्हा पाणी पाजतात, ते मीच विसरले असेन," ती म्हणाली.

थेंब पडला नाही.

"तुझं नाही ते, पोरी," तुलुगाक म्हणाले. "मग कुणाचं?"

एक वाक्य पुरेसं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "अंगाच्या उबेने वितळतो का बघतो," आणि मूठभर बर्फ तोंडात कोंबला.

"बाप असावा तर असा," कायुक म्हणाली. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निवियाचा श्वास आता थांबून थांबून येत होता. बोलून टाकायचं मी ठरवलं, खरंच ठरवलं. जीभ हलेना. बर्फ गालांत फुगत चालला होता, दातांमागे घट्ट बसला होता. मी बोट घालून तो उकरू लागलो. अविआकने माझा हात धरला.

"थांब, सांडेल," ती म्हणाली.

तिने निवियाचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझी मान खाली वाकवली.

"बाळा, बाबांनी तुझ्यासाठी पाणी केलंय. तोंड उघड."

निवियाने तोंड उघडलं.