डाग दिसू नये म्हणून

केशरबाईचं धुणं अख्ख्या जऊळक्यात नावाजलेलं. तिच्या दोरीवरची चादर पाहून बगळ्यानंही मान खाली घालावी! सून पल्लवी दवाखान्यात दुसऱ्या खेपेला बाळंत झाली, तशी बादली आणि साबणाची वडी घेऊन सासूनं खाटेशीच ठाण मांडलं.

लेक झाली होती, ज्वारीच्या कोवळ्या कणसासारखी. पण पल्लवीच्या अंगाखाली रक्ताची ऊन धार लागली, ती थांबेचना.

"आत्याबाई, लय जाऊन राह्यलं. डोळ्यापुढं अंधारी येते."

"जाऊ दे, नऊ महिन्याचं साचेल हाय. रवीच्या वक्ताले माह्यं याच्या दुप्पट गेलं!" केशरबाईनं असं सांगितलं, जसं त्यावर बक्षीसच मिळालं होतं. भिजलेला कपडा ओढला, कोरडा सारला आणि ती नळाकडे पळाली. चार परक्या माणसांत सुनेचा डाग दिसला, तर घराण्याची लाज!

सिस्टर रत्नमाला फेरीवर आली. "किती कपडे भिजले?"

"एकच, तोबी अर्धा."

मागच्या दोरीवर आठ कपडे पांढरेशुभ्र डोलत होते. सिस्टरनं कोरडी चादर पाहिली आणि लिहिलं, 'बाळंतीण ठीक.' चादर खरंच ठीक होती.

"सिस्टर, मले..."

"बोलू नका, आराम करा."

सिस्टर वळली, तसा केशरबाईचा हात नवव्या कपड्याकडे गेला. पल्लवीनं तो दोन्ही मुठींत धरला.

"सोड वं, डाग पक्का बसन!"

"बसू द्या! डाग राहीन तं मी राहीन. सिस्टर, हे पाहा अगुदर!"

रक्तानं जड झालेला कपडा थप्पकन फरशीवर पडला, तशी सिस्टर धावत मागे आली. मग इंजेक्शन, सलाईन, रक्ताची पिशवी, पोटावर दाब. डॉक्टर, सिस्टर सगळे एकमेकांशी बोलत होते, पल्लवीशी कुणीच नाही.

"मी मरून राह्यली काय?" तिनं विचारलं.

सिस्टरचा हात थांबला नाही, पण मान वळली. "नाही बाई. गर्भाशय आकसत नव्हतं, म्हणून रक्त जात होतं. आता आकसतंय. दुखेल, पण मी सांगून दाबीन."

तेवढ्या बोलण्यानं पल्लवीचा जीव जाग्यावर आला.

तिसऱ्या दिवशी एक साहेब दवाखान्याच्या पाहणीचा फॉर्म घेऊन आले. "पेशंटच्या अपेक्षा काय?" त्यांनी पल्लवीच्या नवऱ्याला, रवीला विचारलं. रवीनं आईकडे पाहिलं.

"नळाले पाणी जास्त पायजे," केशरबाई म्हणाली. साहेबांनी मनापासून लिहून घेतलं.

"ओ भाऊ," पल्लवी कोपरावर उठली, "रक्त माह्यं गेलं. इकडं इचारा!"

साहेबांनी खुर्ची खाटेकडे वळवली.