डर्मटचा तळहात

"नागडं वीक, काझ्या," डर्मट कीन अंड्यांवर मिरपूड झाडत म्हणाला. "आपल्या वयात कपड्यांची हौस कशाला?"

शिकागोच्या आर्चर रस्त्यावरच्या त्या खानावळीत काझिमिर आणि डर्मट हे दोघे निवृत्त सौदेबाज दर मंगळवारी न्याहारीला बसत. उभा जन्म दोघांनी बाजाराच्या खड्ड्यात, म्हणजे सौद्यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रिंगणात, एकाच पायरीवर खांद्याला खांदा लावून ओरडण्यात काढला होता. त्या गलक्यात शब्द ऐकू येत नसत, म्हणून हात बोलत. तळहात स्वतःकडे म्हणजे घेतो, तळहात बाहेर म्हणजे विकतो. पुढे संगणक आले, खड्डा बंद झाला, घशांना आराम पडला. हातांना मात्र निवृत्तीचं कुणी कळवलंच नाही. डर्मट अजून कॉफीसुद्धा तळहात आत वळवूनच मागे.

काझिमिर आता घरबसल्या पुट विकायचा. धंदा विमावाल्याचा: बाजार कोसळला तर भरपाई मी देईन म्हणायचं आणि प्रीमियम आधी खिशात घालायचा. अडलं होतं ते एवढ्यावरच, की नुसतं, म्हणजे नागडं, विकायचं, की आलेल्या प्रीमियमातले थोडे खर्चून आणखी खालच्या भावाचं पुट स्वतःसाठी विकत घेऊन ठेवायचं. तसं केलं तर कमाई निम्मी, पण बुडालंच तर गुडघाभर पाण्यात. नाहीतर कमाई भरपूर, आणि तळाचा पत्ता नाही.

"इरेना म्हणते, संरक्षण घेऊनच वीक. तळ्याकाठच्या घरासाठी साठवलेले पैसे आहेत."

"इरेना कधी खड्ड्यात उतरली होती? अरे, छत्रीवाला छत्र्या विकतो, स्वतः डोक्यावर घेऊन बसत नाही! मीही नागडंच विकतोय. तुझ्याच पायरीवर उभा आहे, लेका."

पायरीवरचा शब्द. खड्ड्यात नुसत्या मान हलवण्यावर घरंदारं इकडची तिकडे होत, आणि दुसऱ्या सकाळी कुणी 'मी नव्हतोच' म्हणत नसे. चाळीस वर्षांच्या संसारात इरेना दोन-तीनदा चुकली होती. पायरी कधीच नाही. काझिमिरने नागडं विकलं.

काही महिने प्रीमियम येत राहिला. इरेनाने तळ्याकाठच्या घरासाठी पडद्यांचं निळं कापडही आणलं. मग एका सोमवारी बाजार असा पडला, की बातम्या सांगणारी बाईसुद्धा हसायची विसरली.

मंगळवारी डर्मट मयताला आल्यासारखा चेहरा करून बसला होता. समोर अंड्यांबरोबर स्टेक होतं.

"दुःखात भूक लागते मला," तो म्हणाला. "किती गेलं रे?"

"घर गेलं. तळं आहे अजून."

"माझंही तेच, काझ्या! ढिगाने पुटं विकली होती मी, ढिगाने..."

आणि त्याचा हात वर गेला. तळहात आत. बोटं थेट स्वतःच्या नाकाकडे.

काझिमिर त्या हाताकडे पाहत राहिला. मग डर्मटनेही पाहिलं. हात हळूहळू खाली उतरला आणि टेबलाखाली गेला.

"थोडीशीच घेतली होती रे," डर्मट पुटपुटला. "मॉरीन ऐकेचना. म्हणाली, छत्रीशिवाय विकलंस तर माहेरी जाईन."

"बायकोचं ऐकलंस, ते बरंच केलंस. मला का नाही सांगितलंस?"

"कपडे घालणाऱ्याला भित्रा म्हणून हसणारे आपण. छत्री घेतली म्हणून सांगितलं, तर पायरीवर काय तोंड दाखवणार होतो?"

"डर्मट, पायरी मोडून लाकूड विकलं बाजारवाल्यांनी. आपण दोघं बघायला गेलो होतो."

वाढणारी मार्लीन कॉफीचं भांडं घेऊन आली. काझिमिरने कपासमोर हात धरला, तळहात बाहेर. तिने डर्मटचा कप भरला. डर्मटचे दोन्ही हात टेबलाखालीच होते.

काझिमिरने कोट चढवला.

"आज लवकर?" मार्लीनने विचारलं. "आणि मंगळवारचा ॲपल-पाय खाल्ल्याशिवाय?"

"कापडाच्या दुकानात जायचंय. पडद्यांचं कापड परत घेतात का बघतो."

"कापलेलं नाही ना?"

"शिवलंय," काझिमिर म्हणाला, आणि टोपी नीट बसवून बाहेर पडला.