गोपीनाथच्या लॉरीचं इरलं

गोपीनाथने आपले दोन बैल विकले आणि कल्याणच्या छावणीतल्या लिलावातून लढाईतली जुनी लॉरी आणली, त्याच दिवशी त्याच्या आईने, आवडाबाईने, त्याच्याशी अबोला धरला. "हे धुराचं जनावर दारातून जाईपर्यंत लेकाशी बोलणार नाय," असं तिने अख्ख्या कोलशेत गावाला ऐकवलं. हे एकोणपन्नास सालच्या चैत्रातलं. आषाढ लागला तरी म्हातारी ढिम्म.

या सगळ्याचा भुर्दंड मात्र मला पडला. मी विश्राम, त्यांचा शेजारी. सून शकू बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून मायलेकरांचं बोलणं माझ्या तोंडून चालायचं.

"विश्राम, त्याला सांग, भाकर थंड झाली." तो चार हातांवर उभा असायचा. तरी मी सांगायचो.

"विश्राम, आयला सांग, आलो." तेही सांगायचो.

गोपीनाथ तिशीतला धिप्पाड बाप्या, पण आईच्या तोंडून 'गोप्या' ऐकलं नाही म्हणून त्याला घास जात नव्हता. लॉरी विकायची म्हटली तर घरात दुसरी कमाई नाही, ठेवायची म्हटली तर आई नाही. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा.

लॉरीतून तो ठाण्याच्या तबेल्यांना पेंढा पोचवायचा. धुराची नळी आधी गाडीच्या पोटाखाली होती. एकदा तिच्यातल्या ठिणगीने पेंढा पेटला, तेव्हा त्याने ती नळी वळवून टपाच्याही वर दोन हात सरळ उभी केली. आगीचं भय गेलं. मग पाऊस आला आणि सरळ नळीत घुसला. सकाळी हँडल मारलं की लॉरी खोकायची, पाणी ओकायची आणि गप्प बसायची. बैलांचा गोठा रिकामा होता, पण नळीमुळे लॉरी त्यात शिरेना.

गोपीनाथने पहिल्यांदा नळीवर नारळाची करवंटी पालथी घातली. चालू करायच्या आधी काढायची, एवढंच काम. तो नेमका तेवढंच विसरला. करवंटी उडाली ती थेट माझ्या सुकटीच्या कालवणात. मग त्याने गोणपाटाचा बोळा कोंबला. बोळ्याने पाणी अडवलं नाही, साठवलं आणि सावकाश आत सोडलं. शेवटी त्याने आईचा पितळी तांब्या पालथा घातला, तो असा घट्ट बसला की लॉरीचा जीव कोंडला. चौघांनी ओढून काढला तेव्हा त्याला केवढा पोचा पडलेला!

"विश्राम, त्याला सांग, उद्या माझं डोकं ठेव म्हणावं त्यावर."

हे मात्र मी सांगितलं नाही. त्याने ऐकलंच होतं.

दुसऱ्या दिवशी लॉरी फारच खोकली. ओट्यावर बसलेल्या आवडाबाईने हळूच मला विचारलं, "हे जनावर असं का खोकतं रे?"

"नळीत पाणी जातं, काकी."

"चांद्यापण भिजला की असाच खोकायचा." चांद्या म्हणजे विकलेल्यातला एक बैल. म्हातारी बराच वेळ लॉरीकडे बघत राहिली. मग तिने मला पळसाची पानं आणायला पिटाळलं.

मला वाटलं, लावणीला जायला, पावसात पाठीवर घ्यायला नवीन इरलं करतेय. पण तिने बांबूच्या कामट्या विणून, मध्ये पानं घालून जे इरलं केलं, ते एवढंसं. बाईच्या पाठीवर नाही, फार तर कोंबडीवर बसलं असतं. संध्याकाळी तिने मला लॉरीच्या टपावर चढवलं आणि ते इरलं नळीवर सुंभाने बांधायला लावलं.

"त्याला नको सांगूस," ती म्हणाली. त्या घरातला हा पहिला निरोप, जो पोचवायचा नव्हता.

सकाळी गोपीनाथ खाली मान घालून आला आणि त्याने हँडल लावलं. वर बघायची त्याला सवयच नव्हती. आवडाबाई ताडकन उठली.

"विश्राम! त्याला सांग!"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तीन महिने निरोप वाहून माझी जीभ झिजली होती. मी कमरेची चंची काढली आणि निवांत तंबाखू मळायला घेतली.

"अरे सांग ना, मुडद्या!"

मी चुना लावला.

गोपीनाथने हँडलला हिसका दिला. लॉरी एकदा खोकली. इरलं हाललं.

"गोप्या!" आवडाबाई किंचाळली. "हात काढ, गोप्या! वर बघ मेल्या, जळंल ना माझं इरलं!"

हँडल सोडून गोपीनाथने मान वर केली. पण तो नळीकडे नाही, आईकडे बघत होता.

"आय, परत म्हण."

"परत काय म्हणू? चढ वर, काढ ते!"

तो चढला, इरलं सोडवून छातीशी धरून उतरला आणि एवढा मोठा बाप्या ढसाढसा रडला. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू?

त्या सकाळी लॉरी गेलीच नाही. आवडाबाई दुपारपर्यंत बोलत होती: बैल, तांब्या, शकूची तब्येत, तीन महिन्यांचं साचलेलं सगळं. गोपीनाथ मांडीवर इरलं घेऊन पायरीवर बसला होता आणि "हो आय, हो आय" करत होता. मध्येच ती माझ्याकडे वळली.

"आणि तू रे, का नाय सांगितलंस त्याला?"

माझ्या तोंडात तंबाखू होती. मी नुसती मान हलवली.