पाचवीचा दिवा

गयाबाईने हाताला पुन्हा साबण लावला. नखांत, बोटांच्या बेचक्यांत, पार कोपरापर्यंत.

"मावशे, हात धुण्यातच सकाळ घालवशील काय?" कौसाबाई पातेलं घेऊन दारात आली. पातेल्यात नवं ब्लेड आणि दोरा उकळून ठेवला होता. "विठाच्या कळा वाढल्यात."

विठा कौसाबाईची लेक, उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या जन्मावेळीही सुईण गयाबाईच होती. खरवई गावातली अर्धी पोरं तिच्याच हातची.

गयाबाई उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत न्हाणीपाशी आली. शहाऐंशी सालचा उन्हाळा. मागल्याच आठवड्यात सुईणींना शिकवायला बदलापूरच्या दवाखान्यात बोलावलं होतं. नर्सबाई म्हणाली होती, घाण विळ्याने नाळ कापली, वर राख लावली, की आठवड्याभरात मूल आखडतं, तोंड मिटतं. धनुर्वात. बाकीच्या सुईणींनी ऐकून चहा घेतला. गयाबाईचा कपातच गार झाला.

"कौसा, जरा थांब."

"आता काय?"

"तुझा पहिला आठव्या दिवशी गेला ना, त्याला सटवीने नाही नेला." गयाबाईला तिच्याकडे बघवेना. "माझा विळा गवताचा होता. नुसता पदराला पुसला. वर राखही मीच लावली."

कौसाबाईने पातेलं खाली ठेवलं. आत विठा कण्हत होती. आता ही आपल्याला घालवून देणार, असं धरून गयाबाई उभी राहिली.

"म्हणजे दिव्याने नाही?"

"कुठला दिवा?"

"पाचवीच्या रात्री माझा डोळा लागला नि दिवा विझला. सासू मरेपर्यंत बोलत होती, तू झोपलीस म्हणून पोर गेला. बावीस वर्षं, मावशे."

"दिव्याने काय होतंय गो. बाळंतीण होतीस तू. झोप लागायचीच."

आतून विठाने हाक मारली.

"जा तू आत," कौसाबाई म्हणाली.

दुपारी मुलगी झाली. नाळ ब्लेडने कापली, वर काही लावलं नाही. धुतलेल्या फडक्यात गुंडाळून गयाबाईने बाळ आजीच्या ओटीत दिलं. कौसाबाई नातीचं तोंड बघत बसली. मग मान वर न करता म्हणाली,

"त्या पहिल्याचं नाव भगवान ठेवणार होते मी. कुणाला बोलले नव्हते."