फळीवर जपलेला लॅपटॉप

ताईचा मुलगा बापाशी भांडून वेगळा राहिला आणि वर्षाच्या आत सामानासकट परत आला, त्या वर्षीची ही गोष्ट. घशाच्या दुखण्याने भाऊजींचा आवाज जाऊन नुसती कुजबुज उरली होती. त्यातच ताईच्या कानाचं मशीन पाण्यात पडलं. दुरुस्त होऊन आलं ते कोऱ्या पाटीसारखं. तिला कितपत ऐकू येतं त्याचं माप त्यात पुन्हा भरायचं, तर ते एकाच लॅपटॉपवर जमत होतं. नव्या कॉम्प्युटरला मशीनची वायरच लागत नव्हती.

ताईचा भाऊ कानाची मशीनं विकायचा, लॅपटॉप त्याचाच. जुना म्हणून कापडात गुंडाळून फळीवर जपलेला. बटण दाबलं तसा पंखा फिरला आणि काळ्या पडद्यावर डिस्क सापडत नसल्याची ओळ येऊन थांबली. त्याचं डोकंच फिरलं. झाडताना पाडला असणार, म्हणून तो बायकोवर तुटून पडला. तिने केरसुणी भिंतीला टेकवली आणि बोलायचंच सोडलं.

स्टुलावर बसलेल्या ताईचं चढ्या आवाजात चालूच होतं. नवरा ओठ हलवत राहतो आणि पोरगं कानाशी ओरडून सांगतं, बाबा बरं आहे म्हणतात.

"एवढं तोंड हलवून माणूस एवढंच बोलतो होय रे? उद्या गाडी येतेय त्यांना दवाखान्यात न्यायला. त्याआधी मला ऐकायचंय."

भावाने लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं. मेमरीची पट्टी काढून बसवली, डिस्क पुसून बसवली. पुन्हा तीच ओळ. त्याने टेबलावर मूठ आपटली, स्क्रू उडाले.

"आपट," ताई म्हणाली. "आपटून सुधारत असतं तर तू लहानपणीच सुधारला असतास."

तेव्हा बायको बोलली. "वर्षभर फळीवर आहे. वीज कधी दाखवली होतीत त्याला?"

तो खेकसायला वळला आणि तसाच मागे फिरून उघड्या लॅपटॉपवर वाकला. आत कोणती डिस्क आहे हे लॅपटॉपच्या लक्षात ठेवणारा एक चपटा सेल असतो. विजेवाचून तो मेला होता. जपण्यानेच घात केला होता. त्याने वजनकाट्यातला तसाच सेल काढून वायरी जोडल्या, डिस्कच्या पाठीवरचे आकडे सेटिंगमध्ये भरले. लॅपटॉप सुरू झाला आणि मशीनमध्ये ताईचं माप भरून झालं. बायकोची माफी मागायचं मात्र त्याच्याने झालं नाही.

मशीन कानात घालून ताई तडक घरी गेली, मागोमाग तोही. ती खाटेवर वाकली. भाऊजींचे ओठ हलले.

"मला परत दवाखान्यात नेऊ नकोस. पोराला सांगून थकलो."

ताई ताठ झाली. मुलगा पुटपुटला की त्यांच्या भल्यासाठीच गप्प राहिलो.

"भलंबुरं आम्ही दोघं बघू. त्यांचं बोलणं गिळायला तुला कुणी सांगितलं होतं? गाडीवाल्याला फोन कर. येऊ नको म्हणावं."

मुलाने तोंड फुगवून फोन केला. ताई पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही.

भाऊजी थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी, घरीच वारले.