पाण्याचा हुकूम

सुनेला डेंग्यू झाला, तेव्हा मी फर्मान काढले: तिला तासाला दोन पेले साधे पाणी द्यायचे आणि पेजेत मीठ घालायचे नाही. माझा शब्द मोडण्याची घरात कोणाची छाती नव्हती. चौथ्या दिवशी तिने मलाच विचारले, "बाई, तुम्ही कोण?"

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल पाहिला. "प्लेटलेट बऱ्या आहेत, आजी, पण सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, फार घसरलंय, म्हणून ती माणसं ओळखत नाही. नुसतं पाणी कोणी पाजलं?"

मुलाने मान खाली घातली.

"मी," मी म्हणाले.

दोन दिवस सलाइन सावकाश चालले. तिसऱ्या सकाळी मी पेला पुढे केला.

"सासूबाई, आता पाणी पुरे हं," ती पुटपुटली.

माझ्या हुकमाला नकार मिळाला आणि मला हायसे वाटले, असे प्रथमच घडले.